खुल्या वाड्यांतील कुलुपबंद खोली

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे यवत मागें पडतांच भांडगांव येतें. दौंड तालुक्यांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही ऊस आहे, पाण्याच्या पाळीची वाट पाहणारा शेतकरी आहे, आणि हमरस्त्यावरून रात्रंदिवस धांवणाऱ्या मालमोटारींचा गडगडाट आहे. असल्या गांवीं बसून ‘ओपन सोर्स’ संगणकप्रणालींनीं बंद ड्रायव्हर स्वीकारावे किंवा नाहीं, या प्रश्नाचा खल करणें वाचकांस विचित्र वाटेल. हा वाद परदेशांतील अभियंत्यांचा. भांडगांवास त्याचें काय, असें कोणीही विचारील. आम्हीही परवांपर्यंत तेंच विचारीत होतों.

आमचा एक जुना विद्यार्थी या भागांतील एका शाळेंत शिकवितो. शाळेच्या संगणकखोलींत बारा यंत्रें आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा विनामूल्य आधार बंद केला; आणि नव्या विंडोज ११ ला ज्या पिढीचा प्रोसेसर लागतो तो या बाराही यंत्रांत नव्हता. यंत्रें मात्र धडधाकट होतीं. तेव्हां या गृहस्थानें दिवाळीच्या सुटींत खपून बाराही यंत्रांवर लिनक्स घातलें. पैसा लागला नाहीं. यंत्रें पूर्वींपेक्षां चपळ चालूं लागलीं. खोलींत तारा ओढलेल्या नव्हत्या, म्हणून एका दात्यानें दिलेलीं यूएसबीवर बसणारीं वाय-फायचीं यंत्रें त्यानें जोडलीं. त्यांच्या खोक्यावर ‘लिनक्सवर चालतें’ असें छापलें होतें, आणि तें असत्य नव्हतें. कंपनीनें दिलेला बंद ड्रायव्हर घालतांच इंटरनेट सुरू झालें. पुढें कांहीं आठवड्यांनीं सुरक्षेच्या सुधारणा आल्या, प्रणालीचा गाभा बदलला, आणि एका सकाळीं बाराही यंत्रें जगापासून तुटलीं. तो ड्रायव्हर गाभ्याच्या एका विशिष्ट आवृत्तीपुरताच बनविलेला होता. कंपनीस लिहिलें असतां उत्तर आलें कीं, तें मॉडेल आतां विकलें जात नाहीं, नवें घ्यावें. कंपनीचें नांव आम्ही देत नाहीं. कारण दोष एका कंपनीचा नसून एका रीतीचा आहे.

त्या दिवशीं आमच्याबरोबर आमचा भाचा होता. तो हिंजवडीस अभियंता आहे. सारा प्रकार ऐकून तो म्हणाला, “मामा, हें तुम्हां लोकांचें सोवळें आहे. लिनक्सवाल्यांनीं आपली आंतली रचना एकदां कायम करून टाकावी, कंपन्यांचे बंद ड्रायव्हर गुण्यागोविंदानें आंत घ्यावे, म्हणजे असले प्रसंग येणारच नाहींत. पोरांना इंटरनेट पाहिजे. तत्त्वज्ञान घेऊन तीं काय करणार?” त्यावर आमच्या विद्यार्थ्यानें, “सर, यांचें म्हणणें खोटें आहे असें मला म्हणवत नाहीं,” एवढेंच म्हटलें व तो गप्प राहिला.

भाच्याचें म्हणणें वरवरचें नाहीं. जगांतील पुष्कळ शहाणे लोक तसेंच म्हणतात. म्हणूनच त्यास सविस्तर उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचा पक्ष प्रथमच सांगून ठेवतों. कोणीं आपल्या घरीं कोणता ड्रायव्हर वापरावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु जी प्रणाली अनेकांच्या श्रमानें सर्वांसाठीं उभी राहिली, तिनें बंद ड्रायव्हरास आपल्या गाभ्यांत स्थान देऊं नये, त्याच्या सोयीसाठीं आपली रचना गोठवूं नये. आणि सार्वजनिक पैशानें अथवा देणगीनें असलें यंत्र शाळेंत आणूं नये.

आतां ड्रायव्हर म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे. प्रत्येक यंत्राची स्वतःची एक बोली असते. प्रिंटरची वेगळी, पडद्याची वेगळी, वाय-फायची वेगळी. संगणकाच्या मुख्य प्रणालीस या साऱ्या बोली येत नाहींत. म्हणून मध्यें एक दुभाषी लागतो. त्या दुभाष्याचें काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. लिनक्ससारख्या प्रणालींत मुख्य कारभार कर्नल नांवाच्या गाभ्याकडे असतो. हा गाभा ज्या मजकुरांतून तयार होतो तो मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणासही वाचतां येतो, सुधारतां येतो, वाटतां येतो. बंद ड्रायव्हराचें तसें नाहीं. त्याचा मूळ मजकूर कंपनीच्या तिजोरींत असतो. आपणांस मिळतो तो केवळ यंत्रास समजणारा, माणसास न वाचतां येणारा अंकांचा पुंजका.

त्यांत आणखी एक विशेष आहे. बहुतेक ड्रायव्हर गाभ्याच्या आंत बसून काम करतात, आणि गाभ्यांत बसणारास कोणताही पडदा नसतो. संगणकाच्या स्मरणांतील कोणतीही जागा त्यास वाचतां येते, बदलतां येते. तो चुकला तर सारें यंत्र कोसळतें. एखाद्या मोठ्या वाड्याचे सर्व दरवाजे सताड उघडे आहेत, पण त्यांत एकच खोली कुलुपबंद आहे, आणि त्या खोलींतून मात्र वाड्याच्या प्रत्येक दालनांत जातां येतें, अशी ही स्थिति आहे. अशा वाड्यास खुला वाडा म्हणावयाचें काय?

साहित्याची गोडी असणाऱ्या वाचकांस हा प्रश्न अजूनही परका वाटत असल्यास आम्ही आमचाच अनुभव सांगतों. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं आम्हीं मराठी लिहिण्याची एक आज्ञावली बरेच पैसे मोजून विकत घेतली. तिच्याबरोबर डोंगल नांवाचें एक चिमुकलें कुलूप येत असे; तें संगणकाच्या पाठीमागें प्रिंटरच्या खोबणींत बसविल्यावांचून आज्ञावली उघडत नसे. पुढें ती खोबणच नव्या संगणकांतून नाहींशी झाली, आणि त्या डोंगलाचा ड्रायव्हर ज्या विंडोजसाठीं लिहिला होता तेंही गेलें. आमचें दोनशें पानांचें एक लेखन त्या काळच्या फायलींत तसेंच पडून आहे. तें उघडलें असतां पडद्यावर अगम्य रोमन अक्षरांची व चिन्हांची ओळ उमटते, कारण त्या टंकांतील अक्षरांची जुळणीही त्या कंपनीची खाजगी होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वींचे असे किती लेख, किती प्रबंध, किती अंक महाराष्ट्रांतील कपाटांतून मुके होऊन पडले असतील! लेखन आमचें, संगणक आमचा, आज्ञावलीही रीतसर विकत घेतलेली. पण दुभाषी परक्याचा होता, आणि तो एके दिवशीं निघून गेला.

मुळाशीं जाण्याचा मार्ग कठीण असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याचें एक उदाहरण भांडगांवापासून जवळच आहे. केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं मुक्ति-सदन वसविलें. मराठी बायबलाचें भाषांतर करावयाचें त्यांनीं मनांत आणलें तेव्हां इंग्रजी भाषांतर समोर ठेवून काम उरकणें त्यांस सहज शक्य होतें. तसें न करतां त्यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत त्या कामास वाहून घेतलें. मुक्ति-सदनाच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांच्या हातून तें काम छापून निघालें. त्यांच्या धर्मविषयक मतांशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. दुभाषी जें सांगेल तेंच मूळ असें न मानतां, मुळाशीं स्वतः पोंचण्याची त्यांची जी हिंमत, ती आम्हांस येथें स्मरते. खेड्यांतील मुलींच्या हातीं खिळे देऊन अक्षर कसें जुळतें हें शिकविणाऱ्या त्या बाईंस, ‘मुलींना वाचायला मिळालें म्हणजे झालें, छापखान्याशीं त्यांना काय करावयाचें,’ असें कोणी म्हटलें असतें तर तें आज आपणांस पटलें असतें काय?

आतां भाच्याच्या पहिल्या सूचनेकडे वळूं. लिनक्सनें आपली आंतली रचना कायम करून टाकावी, असें तो म्हणतो. लिनक्सचा गाभा साधारणपणें दर नऊ-दहा आठवड्यांनीं नव्या आवृत्तींत प्रसिद्ध होतो. त्यांतील अंतर्गत रचना सतत बदलत असते. कारण नवीं यंत्रें येतात, जुन्या चुका सांपडतात, सुरक्षेचीं भोंकें बुजवावीं लागतात. या बदलांचा बोजा कोणावर पडतो? जो बदल करतो त्याच्यावर. गाभ्यांतील रचना बदलणाऱ्यानें त्या रचनेवर अवलंबून असलेले, गाभ्याबरोबर ठेवलेले सारे ड्रायव्हरही त्याच वेळीं दुरुस्त करून द्यावयाचे, अशी तेथें रीत आहे. म्हणून ज्या यंत्राचा ड्रायव्हर या सामाईक भांडारांत आहे तें यंत्र बनविणारी कंपनी बुडाली तरी यंत्र चालत राहतें. बंद ड्रायव्हर मात्र भांडाराबाहेर राहतो. त्यास दुरुस्त करण्याची इच्छा असूनही कोणास हात लावतां येत नाहीं. अशा एकेका बाहेरच्यासाठीं सारी रचना गोठवावयाची, म्हणजे एका कुलुपबंद घराच्या ओट्याकरितां गांवाचा रस्ता कायमचा अरुंद ठेवावयाचा. त्या घराचा मालक गांवीं राहत असता तर बोलणें तरी झालें असतें!

दुसरा आक्षेप सोवळ्याचा. बंद ड्रायव्हर आंत घेतांच लिनक्सचा गाभा स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागळलेला, अशी खूण करून ठेवतो, आणि अशा यंत्रावरील बिघाडाची तक्रार गाभ्याचे कर्ते सहसा हातीं घेत नाहींत. हा विटाळ नव्हे तर काय, असें आमचा भाचा विचारतो. ज्या महाराष्ट्रानें विटाळाच्या नांवाखालीं माणसांस पाणवठ्यापासून दूर ठेवलें, त्या महाराष्ट्रांत हा शब्द जपून वापरावा. विटाळ निष्कारण असतो; त्याचें कारण विचारणेंच वर्ज्य असतें. येथें कारण उघड आहे. रोगी गुपचूप कोठलें औषध घेतो आहे हें सांगण्यास नकार देत असेल, तर वैद्य म्हणतो, “तें औषध बंद करून या, मग नाडी पाहूं.” यांत वैद्याचें सोवळें नाहीं, त्याचा प्रामाणिकपणा आहे. शिवाय बंद ड्रायव्हरासही बाहेर हांकलून दिलेलें नाहीं. तो लादतां येतो, चालवितां येतो. गाभ्याच्या कांहीं आंतल्या सोयी मात्र त्यास मिळत नाहींत, आणि कागदोपत्रीं त्याची नोंद राहते, एवढेंच.

हा वाद कालपरवांचा नाहीं. किंबहुना मुक्त प्रणालींची सारी चळवळ एका प्रिंटरपासूनच सुरू झाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलींत रिचर्ड स्टॉलमन यांनीं अशी सोय केली होती कीं, कागद अडकला म्हणजे ज्यांचें काम खोळंबलें असेल त्यांस सूचना जावी. नव्या प्रिंटरांतही तेंच करावयाचें तर त्याचा सोर्स कोड पाहिजे. पण तो मिळेना. ज्या गृहस्थाजवळ तो होता, त्यानें गुप्ततेचें वचन दिलेलें असल्यामुळें देण्यास नकार दिला. या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि १९८३ सालीं त्यांनीं जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. जून २००८ मध्यें त्या गाभ्यावर काम करणाऱ्या शंभराहून अधिक विकासकांनीं आपल्या सह्यांनिशीं जाहीर केलें कीं, बंद ड्रायव्हर हे वापरणारांस व लिनक्सला अपायकारक आहेत. २०१२ सालीं तर फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या सभागृहांत टोरवाल्ड्स यांनीं एन्व्हिडिया या कंपनीस उद्देशून जे शब्द उच्चारले व जो हावभाव केला, ते या मासिकांत छापण्याजोगे नाहींत.

या हट्टाचा कांहीं उपयोग झाला काय? झाला. एथेरॉस कंपनीनें २००८ सालीं आपल्या नव्या वाय-फाय चिपांचा खुला ड्रायव्हर दिला. ब्रॉडकॉम कंपनीनें २०१० सालीं दिला. आणि ज्या एन्व्हिडियास शिव्या खाव्या लागल्या होत्या, तिनेंही मे २०२२ मध्यें आपल्या ड्रायव्हराचा गाभ्यांत बसणारा भाग खुला केला. बाकीचा पुष्कळ भाग अजून बंदच आहे, हें खरें. केवळ नकारामुळें हें घडलें असेंही आम्ही म्हणत नाहीं; व्यापाराचें गणित बदललें, मोठमोठे गिऱ्हाईक लिनक्सवर आले, हींही कारणें आहेत. परंतु बंद ड्रायव्हरास पहिल्या दिवशींच पाट मांडून बसविलें असतें, तर तो उघडण्याची गरज कोणास वाटली असती?

येथें प्रतिपक्ष अँड्रॉइडचें उदाहरण पुढें करील. अँड्रॉइड फोनांत लिनक्सचाच गाभा आहे. चिपांच्या कंपन्यांचे बंद भाग त्यांत सर्रास घेतले गेले, आणि म्हणूनच तो घरोघरीं पोंचला, असें सांगण्यांत येतें. हा युक्तिवाद तपासण्यास आपल्याच राज्यांतील एक प्रकरण उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांस अल्प किंमतींत टॅब्लेट द्यावा म्हणून केंद्र सरकारनें ‘आकाश’ ही योजना काढली. तिची दुसरी आवृत्ति मुंबईस पवईच्या आयआयटीच्या देखरेखीखालीं तयार झाली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. सरकारास तो टॅब्लेट २,२६३ रुपयांस पडे, आणि विद्यार्थ्यांस १,१३० रुपयांस द्यावयाचा होता. त्यांत ऑलविनर कंपनीची ए-१३ ही चिप होती, व तिच्यांत चित्रें रेखाटण्यासाठीं माली-४०० नांवाचा भाग होता. पवईच्या मंडळींनीं अँड्रॉइडवर समाधान न मानतां याच टॅब्लेटवर मेमरी कार्डावरून पूर्ण लिनक्स चालवून दाखविलें. खेड्यांतील विद्यार्थ्याच्या हातीं केवळ पाहण्याचा पडदा न राहतां, ज्यावर आज्ञावली लिहितां येईल असा संगणक यावा, हा त्यामागील हेतु होता. आणि तो हेतु सर्वस्वी स्तुत्य होता.

परंतु मालीचें काय? तिच्या ड्रायव्हराचा गाभ्यांत बसणारा लहानसा भाग खुला होता; खरी अक्कल ज्या भागांत होती तो बंद होता. ल्यूक व्हेरहेगन या विकासकानें बाहेरून यंत्राचें वर्तन पाहून, तर्कानें त्याची बोली ओळखून, ‘लिमा’ नांवाचा खुला ड्रायव्हर रचण्यास आरंभ केला व २०१२ च्या फेब्रुवारींत ब्रुसेल्स येथें तो लोकांपुढें मांडला. तें काम इतरांच्या हातून पुरें होऊन लिनक्सच्या गाभ्यांत केव्हां दाखल झालें? जुलै २०१९ मध्यें! सात वर्षें! तोंपर्यंत आकाशची गोष्ट लोक विसरून गेले होते. योजनेच्या अपयशास पुरवठ्यांतील दिरंगाईपासून इतर पुष्कळ कारणें होतीं, आणि सारा दोष ड्रायव्हराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. आमचा मुद्दा एवढाच कीं, सार्वजनिक पैशानें विद्यार्थ्यांसाठीं घेतलेल्या यंत्राचें आयुष्य किती असावें, हें पवईस ठरवितां आलें नाहीं, दिल्लीस ठरवितां आलें नाहीं. तें ज्याच्या तिजोरींत सोर्स कोड होता त्याच्या मर्जीवर राहिलें. अँड्रॉइड घरोघरीं पोंचला हें खरें. पण दोन-तीन वर्षांत ज्यास सुधारणा मिळेनाशा झाल्या असे फोनही घरोघरींच्या खणांत पडले आहेत. स्वतः गूगलला २०१७ सालीं ‘ट्रेबल’ या नांवानें चिप कंपन्यांचा भाग व बाकीची प्रणाली यांच्यामध्यें भिंत बांधावी लागली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र आम्हांस वजनदार वाटतात. पहिला असा कीं, नवख्या माणसानें काय करावें? नव्या लॅपटॉपांत तारेची खोबण नसते. वाय-फायला बंद फर्मवेअर लागतें. तें प्रणालीबरोबर दिलें नाहीं तर प्रणाली घालतांच येत नाहीं. डेबियन ही मुक्ततेच्या बाबतींत अत्यंत काटेकोर समजली जाणारी प्रणाली. तिच्या सभासदांनींही २०२२ सालीं मतदान करून, असें फर्मवेअर स्थापनेच्या संचांत देण्याचें ठरविलें, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून तें अमलांत आलें. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. फर्मवेअर हें त्या यंत्राच्या स्वतःच्या चिपेवर चालतें, मुख्य गाभ्यांत बसत नाहीं, हा एक भेद. आणि डेबियननें त्यासाठीं वेगळा विभाग करून त्याचें स्वरूप नांवानिशीं जाहीर केलें, ही दुसरी गोष्ट. आडवेळीं आलेल्या पाहुण्यास ओसरीवर जागा द्यावी. पण तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन करूं नयेत, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांसही ठाऊक होता.

दुसरा मुद्दा आमच्याच जिल्ह्यांतला आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नूतनीकरणांत, आकाशांतून येणाऱ्या संदेशांचें गणित करण्यासाठीं एन्व्हिडियाच्याच ग्राफिक्स चिपा वापरल्या गेल्या, आणि त्यांचे ड्रायव्हर बंद होते. मग काय, भाचा विचारतो, आकाश पाहणें थांबवावयाचें होतें काय? मुळींच नाहीं. परंतु खोडद येथील शास्त्रज्ञांस आपण काय घेत आहों, तें किती वर्षें चालेल, व तें बंद पडल्यास काय करावयाचें याची पुरी जाणीव असते; गणिताच्या आज्ञावली रचण्याची व बदलण्याची विद्या त्यांच्यापाशीं आहे. शिकारी वाघाच्या गुहेंत जातो म्हणून पोरांनीं तेथें खेळावयास जावें, असें होत नाहीं. शाळेजवळ ती विद्या नाहीं, तो पैसा नाहीं, आणि दर तीन वर्षांनीं नवें यंत्र घेण्याची ऐपत तर मुळींच नाहीं. बंद ड्रायव्हराची किंमत जो सर्वांत कमी देऊं शकतो, त्याच्याकडूनच ती सर्वांत जास्त वसूल होते. आमच्या रागाचें कारण हें आहे.

कंपन्यांचें म्हणणें असें असतें कीं, ड्रायव्हर उघडला तर आमचीं गुपितें प्रतिस्पर्ध्यांच्या हातीं पडतील. पण चिप कशी घडविली हें कोणी विचारीत नाहीं. तिच्याशीं बोलावें कसें, एवढेंच विचारलें जातें. शोधाच्या रक्षणासाठीं पेटंटाचा कायदा आहे. इंजिन विकणारानें ओतकामाची कृति सांगूं नये हें समजण्याजोगें आहे. परंतु तेल कोठें घालावें हेंही सांगणार नाहीं, आणि गांवच्या मिस्त्रीनें झांकण उघडलें तर खपवून घेणार नाहीं, असें जो म्हणेल त्याचें इंजिन दौंड तालुक्यांतील कोणता शेतकरी विहिरीवर बसवील? जो शेतकरी इंजिन घेतांना सुटे भाग कोठें मिळतात हें आधीं विचारतो, त्याच्याच मुलाच्या शाळेसाठीं संगणक घेतांना हा प्रश्न कोणास सुचत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

आणि येथें दोष कंपन्यांपेक्षां आपला अधिक आहे. केंद्र सरकारनें २०१५ सालीं ओपन सोर्स आज्ञावलींस प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. धोरण चांगलें आहे. पण त्याचा रोख आज्ञावलींवर आहे. यंत्र विकत घेतांना त्याच्या ड्रायव्हराची चौकशी झाली नाहीं, तर वर घातलेली प्रणाली कितीही खुली असली तरी तिचा पाया परस्वाधीनच राहतो. ग्रामपंचायत असो, शाळेची समिति असो, माजी विद्यार्थ्यांचें मंडळ असो कीं देणगी देणारा कारखानदार असो, प्रत्येकानें खरेदीच्या कागदावर एकच वाक्य घालावें: ‘या यंत्राचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यांत समाविष्ट असला पाहिजे.’ यास एक पैचाही खर्च नाहीं. अशा चिपांचीं यंत्रें बाजारांत त्याच किंमतींत मिळतात. केवळ विचारून घ्यावीं लागतात. दहा शाळांनीं विचारलें तर दुकानदार कान देईल. हजार शाळांनीं विचारलें तर कंपनी देईल.

भाच्याचें अखेरचें वाक्य असें होतें कीं, पोरांना तत्त्वज्ञान नको, इंटरनेट पाहिजे. आमचें म्हणणें असें कीं, त्या शाळेंत इंटरनेट बंद पडलें तें तत्त्वज्ञानामुळें नव्हे. तत्त्व बाजूस ठेवून घेतलेल्या यंत्रामुळें बंद पडलें. जी सोय म्हणून घरांत आणली, तिनेंच कांहीं आठवड्यांत गैरसोय केली. पोरांस इंटरनेट पाहिजेच. तें पुढल्या वर्षींही पाहिजे, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पोरांसही पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें तें सांगून हा लेख संपवितों. त्यानें जुना गाभा परत घालून बिघाड झांकला नाहीं. तसें केलें असतें तर सुरक्षेच्या सुधारणांस कायमचें मुकावें लागलें असतें. त्यानें गांवांतून वर्गणी केली, आणि ज्यांचा ड्रायव्हर मूळ गाभ्यांत आहे अशीं नवीं यंत्रें, नांवानिशीं चौकशी करून, बाराच्या ऐवजीं तूर्त चार आणलीं. मुलें आळीपाळीनें त्यांवर बसतात. बंद पडलेलीं बारा त्यानें टाकून दिलीं नाहींत, एका खोक्यांत भरून संगणकखोलीच्या कपाटांत ठेविलीं आहेत, आणि शाळेच्या जडसंग्रह वहींत त्यांच्यापुढें ‘नादुरुस्त’ असें न लिहितां ‘सुस्थितींत, ड्रायव्हर नाहीं’ असें लिहिलें आहे. तपासणीस येणारे साहेब या शेऱ्याचा अर्थ विचारतील, अशी त्याची आशा आहे. ते न विचारतील तर वाचकांपैकीं कोणीतरी, आपल्या गांवच्या शाळेस पुढलें यंत्र देण्यापूर्वीं, तो विचारावा, अशी आमची विनंति आहे.